तुम्ही विचारलंत म्हणून: अर्कचित्रात अर्क कशाचा?

नाक लांब केले आणि कान सुपाएवढे केले की अर्कचित्र, म्हणजे कॅरिकेचर, होते, मग त्यात कला ती कसली, असा प्रश्न चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा मुलांचे पालक असतात. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, की व्यंगचित्र आणि अर्कचित्र ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत का. आणि दिवाळी जवळ आली, गोव्यात फोंड्यापासून पणजीपर्यंत वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या मोठाल्या प्रतिमा उभ्या राहू लागल्या, की मुलांकडून हमखास तिसरा येतो: ‘सर, नरकासुराचा चेहरा म्हणजेसुद्धा अर्कचित्रच ना?’ पहिल्या दोन प्रश्नांची वाट या तिसऱ्यातून जाते, म्हणून त्याच्यापासून आरंभ करतो.

नरकासुराचे डोळे बटबटीत असतात, सुळे ओठांबाहेर आलेले असतात, नाकपुड्या फुललेल्या असतात; अतिशयोक्तीत कोठेही कसर नसते. परंतु तो कोणासारखा दिसतो? कोणासारखाही नाही, कारण मूळ नरकासुर कोणी पाहिलेला नाही, आणि ज्याचे मूळ डोळ्यांपुढे नाही त्याचे काय वाढवले आणि काय घटवले हे ठरवता येत नाही. तो विद्रूप आहे, कधी भयानक तर कधी हास्यास्पद आहे, पण अर्कचित्र नाही. मात्र एखाद्या वाड्यावरच्या मुलांनी त्याच चेहऱ्यात एखाद्या परिचित पुढाऱ्याच्या मिशा, त्याचा चष्मा आणि बोलताना मान कलती ठेवण्याची त्याची लकब आणली, आणि रस्त्यावरचे लोक नाव न विचारता हसू लागले, तर तो नरकासुर अर्कचित्राच्या हद्दीत आला असे मी म्हणेन. याच्या अगदी उलट टोकाला मोर्चात जाळला जाणारा पुतळा असतो. जुन्या कपड्यांत गवत कोंबलेले असते, डोक्याच्या जागी काहीतरी गोल असते आणि गळ्यात नावाची पाटी असते. ती पाटी काढली तर पुतळा कोणाचा हे जाळणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. पुतळ्याचे काम पाटीवर भागते, तर अर्कचित्राखाली पाटी लावावी लागली तर ते फसले असे समजावे. पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका कसोटीच्या आधाराने.

आता उगमाविषयी. विद्रूप चेहरे फार प्राचीन आहेत, परंतु अर्कचित्र ही वस्तू आणि तिचे युरोपीय नाव, दोन्ही इटलीतली आहेत आणि जेमतेम सव्वाचारशे वर्षांची आहेत. बोलोन्या शहरात आन्निबाले कार्राच्ची (1560–1609) हा चित्रकार, त्याचा भाऊ आणि चुलतभाऊ यांची चित्रशाळा होती. धर्मचित्रे आणि प्रासादांतील भित्तिचित्रे रंगवणारी ही मंडळी विरंगुळा म्हणून ओळखीच्या माणसांची झटपट, थट्टेची रेखाटने करीत. आन्निबालेने बोलोन्यातील फेरीवाले आणि रस्त्यावरचे कारागीरही रेखाटले होते. त्यांतील ऐंशी चित्रांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, 1646 मध्ये, रोममध्ये छापला गेला आणि त्याच्या प्रस्तावनेत या थट्टेच्या चित्रांसाठी ‘भारलेली छोटी व्यक्तिचित्रे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला. भारलेली म्हणजे मंत्राने नव्हे, ओझ्याने. इटालियन ‘कारिकारे’ या क्रियापदाचा अर्थ ओझे लादणे, माल चढवणे असा आहे, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला गाडीवाचक शब्द आहे. गोव्यातील जुन्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण पोर्तुगीजमध्ये ‘कारेगार’ म्हणजे लादणे आणि ‘कारेगादोर’ म्हणजे हमाल; ‘कारिकातुरा’ त्याच घराण्यातला. फ्रेंचांनी तर ‘शार्ज’ हा ओझेवाचक शब्दच या चित्रांसाठी वापरला.

या लादण्याचा नेमका अर्थ 1681 मध्ये फिलिप्पो बाल्दिनुच्ची याने आपल्या कलाविषयक कोशात दिला, आणि माझ्या मते तो आजवर कोणी सुधारलेला नाही. त्याच्या सांगण्याचा आशय असा, की या प्रकारात चित्रकार संपूर्ण माणसाशी जास्तीत जास्त साम्य साधू पाहतो, पण गमतीसाठी किंवा उपहासासाठी त्याच्या चेहऱ्यातले दोष प्रमाणाबाहेर वाढवतो, आणि परिणामी चित्र एकूण पाहिले तर तोच माणूस दिसतो, सुटे अवयव पाहिले तर एकही त्याचा नसतो. ‘नाक लांब केले की झाले’ या समजुतीत नेमका पूर्वार्ध गळतो. नाक लांब करणे हे उत्तरार्धातले सोपे काम आहे; ते करूनही माणूस तोच ठेवणे, यासाठी हात आणि डोळा तयार असावा लागतो. संगमरवराला जिवंत करणारा शिल्पकार बेर्निनी या कामातही वाकबगार होता. 1665 मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हाच्या त्याच्या मुक्कामाच्या रोजनिशीत कॅरिकेचर हा शब्द येतो आणि त्याच्याबरोबर ती कल्पनाही फ्रेंच दरबारात पोहोचते. म्हातारपणी त्याने पोप अकरावे इनोसंट यांचे एक चित्र काढले आहे, त्यात आजारी पोप पलंगावर उशांना टेकून बसलेले आहेत, डोक्यावर उंच टोपी आहे, आणि काटकुळा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. सगळी आकृती एखाद्या किड्यासारखी, मोजक्या रेषांत. ज्या शहरात पोपचा शब्द कायदा होता, तिथे पोपसाठी चर्चे सजवणाऱ्याच माणसाने हे काढावे, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

मग त्याआधी काय होते? ग्रीसमध्ये पाउसॉन नावाचा चित्रकार माणसे आहेत त्यापेक्षा हीन दाखवीत असे, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. पाँपेईच्या एका भिंतीवर मोठ्या नाकाच्या, पानांचा मुकुट घातलेल्या माणसाचे रेखाटन आहे आणि त्यावर ‘हा रूफुस’ असे लिहिलेले आहे. म्हणजे पाटी आलीच. लिओनार्दोने हनुवट्या पुढे आलेले, नाके हनुवटीशी टेकू पाहणारे म्हातारे काढले, ते पुष्कळ जण अर्कचित्रांचे आद्य नमुने म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. कुरूपता किती टोकाला जाऊ शकते याचा तो अभ्यास आहे, आणि तो नरकासुराच्या जवळचा आहे.

अर्न्स्ट क्रिस आणि एर्न्स्ट गोम्ब्रिख या दोघा अभ्यासकांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळाच प्रश्न उपस्थित केला होता: एवढी साधी युक्ती माणसाला एवढ्या उशिरा का सुचावी? त्यांचे उत्तर असे, की जोवर प्रतिमेला केलेली इजा मूळ माणसाला होते ही श्रद्धा जिवंत होती, तोवर एखाद्याचा चेहरा वाकवणे हा खेळ नव्हता, ती करणी होती. ती धास्ती ओसरल्यावरच चेहऱ्याशी खेळणे शक्य झाले. हे अनुमान आहे, सिद्ध झालेले गणित नव्हे. परंतु बाहुलीत टाचण्या खुपसण्याच्या आणि मूठ मारण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या कोणालाही ते अगदीच परके वाटणार नाही. पुतळा जाळणाऱ्या जमावाला साम्याची गरज का भासत नाही, याचाही उलगडा त्यातून होतो, कारण त्यांचे काम ओळख पटवण्याचे नसून शिक्षा करण्याचे असते.

मराठीने या वस्तूला नाव देताना ओझ्याची कल्पना घेतली नाही, अर्काची घेतली, आणि मला ती अधिक नेमकी वाटते. अर्क हा शब्द ऊर्ध्वपातनाच्या अर्थाने अरबीतून आला आणि आपल्या गोव्याच्या काजूच्या दारूचे नाव, उर्राक, हेही त्याच कुळातले आहे. काजूच्या बोंडूंचा रस भट्टीवर चढवला की पहिल्या धारेला उर्राक मिळतो, तो पुन्हा चढवला की फेणी. दर खेपेला भांड्यातले पाणी मागे राहते आणि बाहेर पडते ते कमी पण कडक असते. चेहऱ्याचेही तसेच करायचे असते. लादण्याआधी पुष्कळ काही टाकून द्यावे लागते: चारचौघांसारखे कपाळ, चारचौघांसारखे गाल, कोणाच्याही असू शकतील असे कान. टाकल्यावर उरते ते वाढवायचे. नवशिके सगळेच वाढवतात आणि म्हणून सगळेच एकमेकांसारखे दिसू लागतात. जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना दहा मिनिटांत काढून दिली जाणारी मोठ्या डोक्याची आणि इवल्या धडाची चित्रे पाहावीत. त्यांतली बरीचशी एकाच साच्यातून निघालेली असतात, आणि घरी गेल्यावर त्यांखाली नाव लिहून ठेवावे लागते.

टाकायचे काय आणि वाढवायचे काय, हे कसे ठरते याचा एक छान पडताळा संगणकाने दिला. सुझन ब्रेनन या अमेरिकन संशोधिकेने 1980 च्या दशकाच्या आरंभी एक प्रोग्राम तयार केला. तो चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू नोंदवी, ते अनेक चेहऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाही, आणि जिथे जेवढा फरक असेल तो त्याच दिशेने वाढवी. म्हणजे मोठे नाक मोठे होई, पण आखूड नाक आणखी आखूड होई; सरासरीइतके नाक असेल तर त्याला हातच लागत नसे. पुढे 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की परिचित माणसाचे हुबेहूब रेखाटन ओळखायला लोकांना जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ते त्याचे वाढवलेले रेखाटन ओळखतात. हा निष्कर्ष रेखाचित्रांपुरता आहे, छायाचित्रांना तो तसाच लावता येत नाही. तरीही मनात जी ओळख साठते ती बहुधा चेहऱ्याची नसून चेहऱ्यातल्या वेगळेपणाची असते, या चित्रकारांच्या जुन्या अनुभवाला त्याने बळ दिले.

वर्गात मी यासाठी एक अभ्यास देतो. शाळेत सगळ्यांच्या ओळखीचा कोणीही माणूस निवडावा, चित्राखाली नाव लिहू नये, आणि कागद वर्गात फिरवावा. एका मुलीने आमच्या एका सहकाऱ्याचे चित्र पाठमोरे काढले होते. चेहरा नव्हताच, एक खांदा किंचित खाली, हात पाठीमागे गुंफलेले आणि त्यात उभी धरलेली छत्री, एवढेच. कागद दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचण्याआधी वर्ग हसू लागला. चित्र ज्यांचे होते ते सर पुढे ते मागून घेऊन गेले. अर्कचित्र चेहऱ्याचेच असते असा समज असणाऱ्या पालकांना मी हा किस्सा सांगतो.

अर्क काढत गेले की शेवटी काय उरते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रान्समधले आहे. राजा लुई-फिलिप याचे गाल ओघळलेले होते आणि डोके वर निमुळते होते. ‘ला कारिकातुर’ या साप्ताहिकाचा संपादक शार्ल फिलिपाँ याच्यावर 1831 च्या नोव्हेंबरमध्ये राजाच्या अवमानाबद्दल खटला चालला, तेव्हा त्याने न्यायालयात चार चित्रे सादर केली. पहिल्यात राजाचा चेहरा होता. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तो पायरीपायरीने बदलत गेला. चौथ्यात नुसते नासपती हे फळ होते. पहिल्याला शिक्षा करायची असेल तर दुसऱ्यालाही करावी लागेल, आणि असे करत शेवटी देशातल्या सगळ्या नासपतींना, असा त्याचा बचाव होता. त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि दोन हजार फ्रँकचा दंड झाला, पण नासपती पॅरिसच्या भिंतीभिंतींवर उमटली. त्याच्याकडे काम करणाऱ्या ओनोरे दोमियेने तोच राजा प्रजेचे कर गिळणारा राक्षस म्हणून रंगवला आणि 1832 मध्ये त्यालाही तुरुंगात जावे लागले. 1835 मध्ये कायद्याने चित्रांवर पूर्वतपासणी आली. लेखनापेक्षा चित्रांवर अधिक कडक नजर ठेवली गेली यात मला काही आश्चर्य वाटत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही नासपती कळते.

आपल्याकडे याच्याशी तुलना करता येईल अशी गोष्ट आदरातून घडली आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या 2014 मधल्या बोधचिन्हात गांधीजी नाहीत, नुसता त्यांचा गोल काचांचा चष्मा आहे, आणि तरी ते कोणालाही ओळखू येतात. त्यात उपहासाचा लवलेश नाही. म्हणून उपहास हा अर्कचित्राचा आवश्यक घटक नसून त्याचा एक वापर आहे, असे माझे मत आहे. पुष्कळ जाणकार याच्याशी सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

अर्कचित्र नेहमी खरेच बोलते असेही नाही. इंग्रज चित्रकार जेम्स गिलरे याने नेपोलियनला इतक्या वेळा बुटका, थयथयाट करणारा काढला, की त्याच्या काळाच्या मानाने साधारण उंचीचा असलेला तो माणूस आजही जगाच्या समजुतीत ठेंगणाच आहे. माझ्या कसोटीला हे उदाहरण अडचणीचे आहे, हे कबूल करायला हवे: इथे वाढवलेली गोष्ट मुळात नव्हतीच, तरी ओळख पटली, आणि पुढे तीच ओळख पक्की झाली.

गोव्यात या विषयावर बोलताना मारियो मिरांडा यांचे नाव निघणारच, आणि त्यांची चित्रे अर्कचित्रेच ना, असा उपप्रश्नही. 1926 मध्ये दमणला जन्मलेले आणि सासष्टीतल्या लोटलीचे असलेले मारियो मुंबईच्या वृत्तपत्रांतून घराघरांत पोहोचले. त्यांची मिस फोन्सेका किंवा मिस निंबूपाणी ही विशिष्ट व्यक्तींची चित्रे नव्हेत. पाद्री, पोस्टमन, बालकनीत बसलेल्या आज्या, लग्नातला बँड, रस्त्यावर पसरलेली कुत्री, हे सगळे नमुने आहेत; त्यांत आपल्याला आपल्या गावातले कोणीतरी दिसते, पण प्रत्येकाला निराळे. अठराव्या शतकात विल्यम होगार्थ याने नेमका हाच भेद ठासून मांडला होता. 1743 च्या एका छापचित्रात त्याने शंभराहून अधिक चेहऱ्यांची गर्दी रेखाटली आणि आपण स्वभाव रंगवतो, अर्कचित्रे काढत नाही, असा दावा केला. मारियो होगार्थच्या बाजूचे, असे मला वाटते. पोर्तुगालमध्ये रफाएल बोर्दालो पिन्येरो याने 1875 मध्ये निर्माण केलेला गरीब खेडूत, झे पोविन्यो, हाही नमुनाच, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचा दूरचा थोरला भाऊ. राज्यकर्त्यांची अर्कचित्रे मात्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात गोव्याच्या वृत्तपत्रांत येणे शक्यच नव्हते, कारण मजकूर छापण्याआधी सेन्सॉरच्या हातून जाई.

भाषेतले अर्कचित्र चित्रापेक्षा पुष्कळ जुने आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला राजाचा मेहुणा ‘स’च्या जागी ‘श’ बोलतो, म्हणूनच तो शकार. आणि पुराणांचा दाखला देण्याची त्याला भारी हौस, पण दाखला देतो तो रावणाच्या ताब्यात सापडलेल्या कुंतीचा. एक उच्चारदोष आणि एक खोड, एवढ्या दोन रेषांत माणूस उभा राहतो; रंगमंचावर अंधार करून त्याचे वाक्य ऐकवले तरी बोलणारा कोण हे कळेल. मराठीत हेच काम एखाद्या माणसाऐवजी लेखनशैलीवर झाले ते विडंबनात. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा समकालीन कवींच्या आवडत्या शब्दांची आणि लाडक्या भावविवशतेची त्यांनी अशी काही वाढ केली, की वाचकाने मूळ कवी मनात आणून हसावे. मूळ कवी वाचलेला नसेल तर हसू ओसरते, कारण ताडून पाहायला सरासरीही नाही आणि मूळही नाही. गोव्यात हे सगळ्यांत जिवंत रूपात पाहायचे असेल तर कोकणी तियात्र पाहावे. 1892 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या नाट्यप्रकारात एखादा विनोदी नट मंत्र्याचे नाव न घेता केवळ त्याची बोलण्याची ढब उचलतो, आणि प्रेक्षागृहातला एकही माणूस नाव विचारत नाही.

अलीकडे वादात ‘माझ्या म्हणण्याचे कॅरिकेचर करू नका’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्यातून अभिप्रेत असतो तो विपर्यास, आणि विपर्यासाला आपल्याकडे तो चांगला शब्द आहेच. चित्रकार म्हणून मला या वापराचा थोडा राग येतो. समोरच्याचा मुद्दा त्याला स्वतःलाही ओळखू येणार नाही इतका वाकवणे म्हणजे गळ्यात पाटी अडकवलेला गवताचा पुतळा तयार करणे होय.

राहिला व्यंगचित्राचा प्रश्न. इथे घोळ शब्दानेच घातला आहे. ‘व्यंग’ म्हणजे शरीरातले वैगुण्य, आणि ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ. मराठीत दोन्हींचा उच्चार जवळ आला आणि चित्राच्या नावात पहिलाच शब्द रूढ झाला. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची कारणे सांगताना व्यंगदर्शन आणि दोषोदाहरण यांचा उल्लेख आहे, त्यामुळे शारीरिक वैगुण्यावर हसण्याला आपल्याकडे शास्त्राधार आहे असेही कोणी म्हणेल. मी वर्गात त्याला परवानगी देत नाही. एखाद्याचा अधू पाय हा त्याच्यावर ओढवलेला प्रसंग आहे. त्याची छत्री धरण्याची तऱ्हा ही त्याची स्वतःची आहे, आणि अर्क तिचाच निघतो.

व्यवहारात मी भेद असा करतो, की अर्कचित्र माणसाविषयी सांगते आणि व्यंगचित्र परिस्थितीविषयी. वसंत सरवटे यांनी मराठी साहित्यिकांची काढलेली अर्कचित्रे घ्यावीत. तिथे काही घडत नसते, तो लेखक फक्त असतो, आणि तेवढे पुरते. उलट दिवाळी अंकातल्या नवरा-बायकोच्या किंवा निर्जन बेटावरच्या माणसाच्या चित्रात प्रसंग असतो, पण माणसे कोणीही असू शकतात. राजकीय चित्रात दोन्ही एकत्र येतात. गिलरेच्या 1805 मधल्या चित्रात ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलाशी बसून पृथ्वीच्या गोळ्याचे पुडिंग कापून घेत आहेत. कापून घेण्याची कल्पना हे व्यंगचित्र, आणि पिटचा सुकलेला लांबोडका देह व नेपोलियनचे नाक हे अर्कचित्र. पुडिंग काढून टाकले तरी ते दोघे कोण हे त्या काळच्या लंडनकराला कळले असते, आणि त्यांच्या जागी दुसरे दोन हावरे बसवले तरी चित्राचा आशय तसाच राहिला असता.